पुकारा तीनदा करायचा असतो

माझी नोकरी ओरडण्याची होती. कोर्टाच्या दारात उभं राहायचं आणि आतून सांगतील ते नाव बाहेर मोठ्यानं पुकारायचं. कागदावर मी शिपाई. पण साताऱ्याच्या कोर्टाच्या आवारात चहावाल्यापासून वकिलापर्यंत सगळे मला पुकारेवाले लोखंडे म्हणायचे.

दिवाळी अंकाचे संपादक घरी आले. म्हणाले, "लोखंडे, गाडीचा दंड कोर्टात गेला की तो शोधायचा कुठं, हे लोकांना माहीत नसतं. तेवढं लिहा. जोडीला नोकरीतल्या गमतीजमती घाला." मी सातवी नापास माणूस. शुद्धलेखन त्यांनी बघावं. पण एक आधीच सांगून ठेवतो. हल्ली मला कुणाचं बरं चाललेलं बघवत नाही. बायको जाऊन वर्ष व्हायला आलं. जोडीनं भाजी आणायला निघालेली माणसं समोरून आली की मी रस्ता बदलतो. तेव्हा यात गोडवा शोधू नका.

आधी कामाचं सांगतो. पूर्वी हवालदार रस्त्यात पावती फाडायचा. जागेवर दंड भरला की विषय संपला. नाही भरला तर लायसन ठेवून घ्यायचा आणि खटला कोर्टात यायचा. मग तो माणूस चार महिन्यांनी उगवायचा आणि मला विचारायचा, "मामा, माजी केस कुठं आली?" केसचा नंबर विचारला तर ठाऊक नाही. कलम ठाऊक नाही. एवढंच ठाऊक की घाटात धरलं होतं.

मी त्याला विचारायचो, कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत धरलं, महिना कुठला, गाडीचा नंबर काय. माणूस लग्नाची तारीख विसरतो, गाडीचा नंबर विसरत नाही. तेवढ्यावर कारकुनाच्या रजिस्टरात नोंद सापडायची. त्या दिवशी चालणाऱ्या केशींची यादी सकाळी दाराबाहेर लागते, तिला आम्ही बोर्ड म्हणतो. त्यात आपलं नाव बघायचं. निकाल लागून जुनी झालेली केस रेकॉर्ड रूमला जाते, फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यात. तिथला कागद पाहिजे असेल तर नकलेचा अर्ज करावा लागतो. बारक्या दंडाचे कागद जन्मभर ठेवत नाहीत, मुदत संपली की काढून टाकतात. बापाच्या वेळची पावती मागायला येणारेही मी बघितलेत.

आणि पुकारा. आतून कारकून नाव सांगतो. शिपायानं दारात येऊन व्हरांड्याकडं तोंड करून ते पुकारायचं. तीनदा. पहिला पुकारा जवळ बसलेल्यांसाठी, दुसरा जिन्यावरच्यांसाठी आणि तिसरा आवाराबाहेर वडापाव खात उभा असेल त्याच्यासाठी. मध्ये दम घ्यायचा, वाट बघायची. बहुतेक माणसं घरातल्यासारखी "ओ" देतात आणि धावत येतात. तिसऱ्यालाही कुणी आलं नाही तर आत जाऊन गैरहजर म्हणून सांगायचं. पुढं साहेब वॉरंट काढतात. म्हणजे माझ्या आवाजावर माणसाचं बरंवाईट होतं. म्हणून मी घसा जपायचो. ताक पीत नव्हतो, चिंच खात नव्हतो.

सुरुवातीला मी पाटणच्या कोर्टात होतो. कोयनानगरकडच्या घाटात जीपगाड्या चालतात, वडाप म्हणतात त्याला, माणसं कोंबून नेतात. असा एक वडापवाला जादा माणसं भरली म्हणून धरलेला. तारखेला मी त्याचं नाव पुकारलं, तर व्हरांड्यात आठदहा माणसं उठून उभी राहिली. मी म्हटलं, "एकाचं नाव हाय, तुमी सगळी कशाला उठताय?" त्यातली एक म्हातारी म्हणाली, "त्यो आत गेला की आमी जायाचं कसं? आमी त्याच्याच गाडीतली हाय." पठ्ठ्या तारखेलासुद्धा गाडी भरून आला होता. साहेबांनी खिडकीतून खाली बघितलं. गाडीत आणखी तितकीच माणसं बसलेली. साहेब म्हणाले, "त्या दिवशी किती होती?" तो म्हणाला, "आजच्यापेक्षा कमीच, साहेब." त्याला गुन्हा कबूल आहे का हे विचारायची गरजच पडली नाही.

साताऱ्याला बदली झाल्यावरची दुसरी गोष्ट. एक टेम्पो म्हातारीच्या नावावर होता, चालवायचा तिचा मुलगा. टेम्पोचे कागद नव्हते म्हणून मालकीण कोर्टात. मी पुकारलं, "द्वारकाबाई गणपती शेलार." कुणी नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. माझ्या पुढ्यातच बाकावर एक म्हातारी शेंगा सोलत बसलेली. माझ्याकडं बघून तिनं मला दोन शेंगा पुढं केल्या. तिसऱ्यांदा पुकारून मी आत वळलो, तेवढ्यात मुलगा लघवीला गेलेला तो पळत आला.

"आये, तुजं नाव घेत्यात की. ओ दे."

म्हातारी म्हणाली, "माजं व्हय? मला कोण त्या नावानं बोलवतंय? लगीन झाल्यापास्नं मी थोरलीच हाय."

सगळा व्हरांडा हसला. मीही हसलो. संध्याकाळी जेवताना ही गोष्ट घरी सांगितली. आमच्या घरची हसली नाही. ताटात भाकरी टाकत म्हणाली, "त्यात हसण्यासारखं काय हाय? तुमी तरी मला कवा नावानं हाक मारलीय?"

हे खरं होतं. आमच्या वेळी बायकोचं नाव चारचौघांत घेत नव्हते, आणि घरात तर त्याहून नाही. मी "अगं" म्हणायचो, मुलगा झाल्यावर "वैभ्याची आई" म्हणायचो. ती मला "आवं" म्हणायची. माझ्या बापानं माझ्या आईला एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं, तो नुसता खाकरायचा. तेव्हा यात माझं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. रीतच तशी होती.

ती म्हणाली, "साऱ्या जिल्ह्यातल्या चोरांची नावं तुमच्या तोंडात. दारुड्यांची, पाकीटमारांची. माजंच तेवढं न्हाई."

मी म्हटलं, "तू एकादा गुन्हा कर. मग घेतो नाव. तीनदा घेतो."

"करीन एक दिवस," ती म्हणाली आणि आमटी वाढली.

हे आमच्यात मग नेहमीचंच झालं. दूध उतू गेलं की म्हणायची, "झाला बघा गुन्हा. पुकारा करता का?"

आता फौजीचं सांगतो. साताऱ्यात दर चार घरांमागं एक फौजी असतो, तसा आमच्या शेजारी हा माने. सुभेदार होऊन आला. पेन्शन, कॅन्टीनचं सामान, ताठ चालणं. आणि दारात उभा राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक, "सुलभाऽ". आतनं त्याची बायको "ओ, आले" म्हणायची. आमची भांडी घासत असली तरी हात थांबवून ते ऐकायची. मला तेव्हापासून तो माणूस आवडत नाही.

आमची अंगणवाडी सेविका होती. अंगणवाडी गावाबाहेरच्या वाडीत, एसटी वेळेवर नाही. वयाच्या पन्नाशीत तिनं मोपेड घ्यायची काढली. मला सायकलपलीकडं काही येत नाही. मी म्हटलं, "पडशील, हातपाय मोडशील." शेजारनं फौजी म्हणाला, "वहिनी, मी शिकवतो." आणि रोज सकाळी मैदानावर तो गाडीमागं कॅरिअर धरून पळायचा आणि तिचं नाव घेऊन वहिनी म्हणायचा, "समोर बघा, चाकाकडं बघू नका." ती नाव ऐकून लाजत नव्हती. मी मैदानाच्या कडेला उभा राहून बघायचो. ते नाव मी इथं लिहीत नाही. जिथं यायचं तिथं येईल.

गाडी शिकली आणि तिचं सगळं वागणंच बदललं. पदर खोचून, पिशवी हुकाला अडकवून भुर्रकन जायची. माझ्या मागं बसून फिरायची तिची हौस राहिली असेल, पण मी तिच्या मागं बसून पोवई नाक्यापर्यंत गेलोय.

मी रिटायर झालो आणि त्याच सुमाराला कोर्टाच्या गेटाबाहेर, टायपिंगवाल्यांच्या रांगेत, फौजीनं टेबल टाकलं. लॅपटॉप, प्रिंटर, वर छत्री. पाटीवर लिहिलं, ऑनलाइन चलन व कोर्ट केस माहिती. आता पावती फाडत नाहीत. कॅमेरा फोटो काढतो आणि मोबाईलवर मेसेज येतो. फौजीचं काम कसं चालतं ते मी टेबलाशी उभा राहून बघून घेतलं, तेही सांगतो. चलनाच्या साईटवर गाडीचा नंबर टाकायचा, बरोबर चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे. ते आरसी बुकात असतात. गाडीवर किती दंड आहेत ते फोटोसकट दिसतं. प्रकरण कोर्टात गेलं असेल तर कोर्टाच्या साईटवर जिल्हा निवडायचा, कोर्ट निवडायचं. प्रत्येक केशीला सोळा अक्षरांचा एक नंबर असतो, तो असेल तर तोच टाकायचा. नसेल तर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून शोधायचं. चालू केशी वेगळ्या, निकाल लागलेल्या वेगळ्या, दोन्हीकडं बघायचं. एकाच नावाची दोन माणसं निघाली तर गाडीचा नंबर जुळवायचा. नाहीतर इस्लामपूरच्या आनंदा पवारचा दंड सांगलीचा आनंदा पवार भरून बसतो, आणि मग दोघंही भांडायला फौजीकडं येतात.

ज्या कामाला मी जिने चढउतार करायचो, ते तो खुर्चीत बसून करायचा. माझेच जुने लोक, "मामा, केस कुठं आली" विचारणारे, त्याच्या टेबलापुढं रांग लावायचे. दुपारी सुलभावहिनी त्याचा डबा घेऊन यायच्या आणि टेबलाच्या कडेला बसायच्या. एकाच डब्यात दोघं खायचे. माझं पोट दुखायचं. आजही दुखतं.

आमची गेली ती दोन दिवसांच्या तापानं. त्याबद्दल लिहीत नाही.

तिचा मोबाईल मी अजून चार्जिंगला लावतो. का लावतो ते विचारू नका. यंदा एके सकाळी तो वाजला. मेसेज होता. मी अक्षर अक्षर लावून वाचला तर तिच्या गाडीचा नंबर, कोर्ट आणि एक तारीख एवढं कळलं. मुलाला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, फ्रॉड असेल, उघडू नका." मग नाइलाजानं फोन घेऊन फौजीच्या टेबलाशी गेलो.

त्यानं चष्मा लावला. "मेसेज अर्धाच आलाय, लोखंडे. नावानं शोधू. नाव सांगा."

मी वरच्या छत्रीच्या काड्या बघायला लागलो.

"पक्षकाराचं नाव. वहिनींचं."

"तुला ठावं हाय की," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि टाईप केलं. टाईप करता करता ओठातल्या ओठात नाव म्हटलं, लोक म्हणतात तसं. बारा गावची नावं ज्याच्या तोंडातून गेली त्याला एक नाव सांगता आलं नाही, आणि हा ते सहज म्हणून मोकळा झाला.

केस सापडली. जाण्याआधी दोन महिने नाक्यावर सिग्नल तोडला होता. हेल्मेट नव्हतं. फौजीनं फोटो मोठा करून दाखवला. काळपट फोटो, पण तीच. पदर खोचलेला, मान थोडी पुढं काढलेली, कुठंतरी उशीर झाल्यासारखी. तिचा हा फोटो मी कधी बघितला नव्हता. आणि माझ्या आधी तो त्यानं बघितला.

"बेस्ट शिकवली होती हो मी गाडी," फौजी म्हणाला. "सिग्नल तेवढा शिकवायचा राहिला."

दुसरा कुणी असता तर मी हसलो असतो.

मग तो म्हणाला, "काही टेन्शन घेऊ नका. मी आत्ता इथनं भरून टाकतो. विषय मिटला. तारखेला जायला नको."

"न्हाई," मी म्हटलं.

"का? तुम्हाला जमणार नसेल तर पैशाचं मी..."

"पैशाचं न्हाई. भरू नकोस. मी तारखेला जाणार हाय."

"आवं, आरोपी हयात नाही. जाऊन काय करणार? दाखला दिला की केस बंद होते, तेवढं कारकूनपण करतो."

मी प्रिंट मागितली आणि उठलो. त्याला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. सांगायचं काय त्याला? तिनं शेवटी एक गुन्हा केला होता. जन्मभर म्हणत होती, करीन एक दिवस, आणि केला. आणि तो ह्यानं एका बोटानं मिटवायचा? केस मिटली असती तर पुकारा झाला नसता. मला तो पुकारा पाहिजे होता. आणि तो दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको होता.

माझ्या जागेवर आता अश्विनी म्हणून मुलगी आहे. बी.कॉम. झालेली शिपाई. दाराशेजारी आता केसचा नंबर दाखवणारा टीव्ही लावलाय, तरी पुकारा चालू आहे, कारण नंबर कुणाच्या लक्षात राहत नाही. तिचा आवाज बारीक. मी गेटाबाहेर बसून तो ऐकायचो आणि मनात म्हणायचो, ही तिसरा पुकारा जिन्यापर्यंत तरी पोचवते का.

तारखेला इस्त्रीचा सदरा घालून गेलो. फौजीला येऊ नको म्हटलं होतं, तरी तो आणि सुलभावहिनी मागनं आले आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. मी बोर्डावर नाव बघितलं. मग अश्विनीला गाठलं.

"पोरी, एक काम हाय. आज बोर्डावर एक नाव हाय. त्याचा पुकारा मी करतो."

"काका, असं कसं? तुम्ही रिटायर झालाय. साहेब मला बोलतील."

"एकच नाव."

"कुणाचं?"

मी बोर्डावर बोट ठेवलं. तिनं आडनाव वाचलं, मग माझ्याकडं बघितलं. आत गेली. मी बाकावर बसलो. नावांमागून नावं जात होती. प्रत्येक नावाला मी उठायला जायचो आणि ते दुसऱ्याचंच असायचं. आयुष्यभर मी लोकांना या बाकावर बसवून ठेवलं, तिथं बसलं की काय होतं ते त्या दिवशी कळलं.

मग अश्विनी दारात आली. गळ्याला हात लावला. "काका, माझा घसा बसलाय. एवढं एक तुम्हीच करता का?"

घसा बसलेला नव्हता. मला बसलेला घसा ओळखता येतो.

मी दारात उभा राहिलो. माझ्या जुन्या जागेवर, उंबऱ्याला टाच लावून. छातीत हवा भरली.

"मालन विठ्ठल लोखंडे."

आवाज नीट लागला नाही. जवळ बसलेल्यांपैकी दोघांनी मान वर केली एवढंच. चाळीस वर्षं संसार केला आणि हे नाव पहिल्यांदा माझ्या तोंडातून बाहेर पडलं. ऐकायला परकं वाटलं, दुसऱ्याच्या बायकोचं असावं तसं.

दम घेतला. वाट बघितली. वाट बघायची असते.

"मालन विठ्ठल लोखंडे."

या वेळी आवाज जिन्यावर गेला. खाली कुणीतरी बोलता बोलता थांबलं. व्हरांड्याच्या टोकाला फौजी उभा राहिला होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. ते मला आवडलं नाही. म्हणजे त्यालाही काहीतरी वाटत होतं, आणि तेवढं तरी एकट्या माझं असावं अशी माझी इच्छा होती.

तिसरा पुकारा मी आवाराबाहेर पाठवला. गेटाच्या पलीकडं, टायपिंगवाल्यांच्या पलीकडं, जिथं रस्ता नाक्याकडं वळतो तिथपर्यंत. नोकरीत असा आवाज मी कधी लावला नव्हता.

"मालनऽ"

विठ्ठल लोखंडे म्हणायचं राहून गेलं.

मग रीतीप्रमाणे थांबलो. एखादा माणूस जिना चढून येईल एवढा वेळ थांबतात. मी जरा जास्त थांबलो. अश्विनीनं घाई केली नाही.

आत गेलो आणि म्हणालो, "हजर न्हाई, साहेब."

साहेबांनी वर बघितलं. "तुम्ही कोण?"

"मालक तिचा," मी म्हटलं आणि मृत्यूचा दाखला पुढं केला. त्यांनी वाचला, कारकुनाकडं दिला, केस बंद म्हणून लिहायला सांगितलं. हातानं मला बसायची खूण केली, पण मी बाहेर आलो.

अश्विनी परत दारात उभी राहिली होती. तिनं पुढचं नाव पुकारलं, त्या बारीक आवाजात, एकदाच.

"ओ, आलो, आलो," म्हणत कुणीतरी जिना चढत आला.

मी बाकाला धरून उभा राहिलो आणि त्या पोरीकडं बघत राहिलो. तिला एका हाकेत ओ मिळाली होती.